पक्केभाईंचा छापखाना

बटण दाबण्याआधी पक्केभाई हात पुसायचे. माउसवर बोट टेकवायचं एवढंच काम, पण त्याआधी ते खिशातून रुमाल काढून उजव्या हाताची बोटं एकेक करून पुसायचे, पडद्यावरचा मजकूर पुन्हा वाचायचे आणि शेजारी बसलेल्याला विचारायचे, "पक्कं?" आपण हो म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. वाचून हो म्हटलं की नुसतं पाहून, असा पुढचा प्रश्न यायचा. त्यांचं खरं नाव रफीक. मलकापूरच्या आमच्या कार्यालयात त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. आमची संस्था कापूस पिकवणाऱ्यांसाठी एक वेबसाइट चालवत असे. हवामान, बाजारभाव, कीड कोणती आणि फवारणी कशाची, असं त्यावर असायचं. मलकापूर, नांदुरा आणि मोताळा तालुक्यांतल्या एकोणीस गावांत संस्थेची माहिती केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात एक संगणक, एक प्रिंटर आणि तो चालवणारं एक माणूस. आम्ही इथून मजकूर टाकला की तिकडे तो कागदावर निघायचा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटायचा. पक्केभाई त्या वेबसाइटचे सर्वेसर्वा होते. पन्नाशीला आलेले, किडकिडीत, सदऱ्याचं वरचं बटण कायम लावलेलं.

मुळात ते छापखान्यात खिळे जुळवणारे. वीस वर्षं शिशाच्या खिळ्यांतून लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवली. तो छापखाना बंद पडला तेव्हा ते संगणकावर अक्षरजुळणी शिकले आणि पुढे एका जाडजूड इंग्रजी पुस्तकावरून, बोट ठेवून ठेवून, वेबसाइट बनवायला शिकले. सुरुवातीला आमचं प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी फाइल असे आणि ती ते रोज हातानं बदलत. एकदा दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि आठवड्यापूर्वीचं "हवामान कोरडे राहील" हे पान पुन्हा वर आलं. त्याच दुपारी पाऊस पडला. एका बाईनं वेचलेला कापूस अंगणात वाळत घातला होता, तो सगळा भिजला. ती तक्रार करायला आली नव्हती. दुसऱ्याच कामासाठी कार्यालयात आली असताना सहज बोलून गेली. पक्केभाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

त्यानंतर चार महिने खपून त्यांनी स्वतःची एक यंत्रणा लिहिली. मजकूर टाकणं, तपासणं, प्रसिद्ध करणं, जुना जपून ठेवणं, सगळं एकाच ठिकाणी. तिचं नाव त्यांनी ठेवलं छापखाना. आतली नावंही तशीच. मजकूर टाइप करायचा तो कप्पा "खिळे", तपासायचा तो "प्रूफ", आणि शेवटचं लाल बटण "छापा". एकानं टाइप केलेलं दुसऱ्यानं वाचून पक्कं केल्याशिवाय ते लाल बटण उमटतच नसे. "रद्दी" नावाचाही एक कप्पा होता, पण त्यात टाकलेलं कधी नष्ट होत नसे. कोणतं पान कुणी टाइप केलं, कुणी वाचलं, कोणत्या केंद्रानं कागदावर काढलं, याची नोंद कायमची राहायची.

छापखाना असाच वाढत गेला. काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, की त्यात एक नवी पायरी यायची. एका केंद्रानं जुनं पान काढून लावलं, तेव्हापासून प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख ठळक येऊ लागली. एकदा मी लिटर आणि मिलिलिटरमध्ये गल्लत केली. ती प्रूफमध्येच सापडली, पण दुसऱ्या दिवसापासून औषधाचं माप असलेल्या ओळी पिवळ्या दिसू लागल्या आणि त्या मोठ्यानं वाचायचा नियम झाला. "दोन, टिंब, पाच. मिली. एका पंपाले." मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. संस्थेचे सचिवसाहेब चिडून म्हणत की हा छापखाना नाही, तहसील कचेरी आहे, इथून कागद हलतच नाही. पक्केभाई मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि पायरी तशीच ठेवायचे.

त्यांच्या भीतीला तेव्हाचे दिवसही कारण होते. बीटी बियाण्याची पाकिटं दुकानांत आली तेव्हा आता बोंडअळीची काळजी मिटली, फवारणीचा पंप माळ्यावर टाका, असं लोकांना सांगितलं गेलं होतं. दोन-तीन हंगाम तसं वाटलंही. मग तुडतुडे आले, फुलकिडे आले, पानं लाल पडू लागली आणि माळ्यावरचे पंप खाली उतरले. दरवर्षी नवं औषध, आधीच्यापेक्षा जालीम. माझ्या गावातल्या बायका औषधाची बाटली धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवायच्या आणि घरचा माणूस जरा गप्प गप्प दिसला की ती जागच्या जागी आहे ना, हे हळूच जाऊन बघायच्या. अशा घरांत आमचा कागद जायचा. पक्केभाई मला एकदा म्हणाले होते, "बेटा, भाव चुकला तर माणूस येऊन शिव्या देते. औषध चुकलं तर शिव्या द्याले तो राहतच नाही."

माझ्या तिसऱ्या वर्षी दोन बदल एकदम आले. पहिला सचिवसाहेबांच्या आग्रहाचा. तीच कीड दरवर्षी त्याच आठवड्यात येते, मग तोच सल्ला पुन्हा टाइप कशाला करायचा? आधी पक्कं झालेलं पान तारीख आली की छापखान्यानं आपणहून वर आणावं. दुसरा बदल अक्षरांचा. जुना मराठी फाँट नव्या संगणकांवर चौकोन चौकोन दिसू लागला होता. म्हणून सगळी जुनी पानं नव्या पद्धतीच्या अक्षरांत बदलायची होती. हजारावर पानं हातानं बदलणं शक्य नव्हतं, तेव्हा पक्केभाईंनी त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. बदललेली पानं ते जुन्या प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहायला बसले. फवारणीची पानं आधी घेतली, ती सगळी झाली. पण बाकीची, म्हणजे प्रश्नोत्तरं, जनावरांची औषधं वगैरे, पुरी होईपर्यंत आपोआप छापणं बंद ठेवावं, असं त्यांनी सचिवसाहेबांना विनवलं. हंगाम ऐन भरात होता, केंद्रांकडून पानांची मागणी येत होती. सचिवसाहेब नाही म्हणाले आणि पक्केभाईंनी ऐकलं. आपण ऐकायला नको होतं, हे ते पुढे मला अनेकदा म्हणाले.

तो फोन मीच उचलला. पूर्णेकाठच्या एका गावातलं केंद्र वंदनाताई चालवायच्या. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुनंदा, एक इचारू का? ते प्रश्नोत्तराचं पान आलं ना काल, त्यात पंपाले पंचवीस मिली लिवलं हाय. मागच्या साली अडीच होतं ना? अशानं बाटली एकाच दिवसात खाली होईल मनून दुकानदार इचारून राह्यला होता."

मी पान उघडलं. पंचवीसच होतं. मी पक्केभाईंना हाक मारली. ते उठून आले आणि उभ्यानंच वाचू लागले. एरवी साध्या पानाला दहादा कचरणारा हा माणूस आता कमालीचा शांत झाला होता. त्यांनी रुमाल काढला नाही. पान रद्दीत टाकलं, आपोआप छापणं बंद केलं आणि नोंद उघडली. सात केंद्रांनी ते पान कागदावर काढलं होतं. वंदनाताई फोनवरच होत्या, त्यांना लगेच कागद फाडायला सांगितलं. मग आम्ही दोघं दोन फोनवर बसलो. कागद फाडा, कुणीकुणी वाचला ते आठवा, त्यांच्या घरी जा. पाच गावांचं झालं. दोन गावांत फोनच लागेना.

त्यांच्या जुन्या एम-एटी दुचाकीवर मागे बसून मी त्या दोन गावांना गेले. भाद्रपदाचं ऊन होतं. दोन्ही बाजूंना छातीइतका कापूस आणि मधूनमधून वाऱ्यावर औषधाचा तो उग्र, गोडसर वास. एरवी त्या वासाकडे माझं लक्षही जात नसे. त्या दिवशी प्रत्येक वासाबरोबर हे आपल्याच कागदावरचं असेल का, असं मनात येत होतं.

पहिल्या गावात कागद फळ्यावरच होता. त्यांनी तो काढला, मागे चिकटून राहिलेले कपटेही नखांनी खरवडले. पारावरच्या माणसांना विचारलं तर त्यातला एक हसून म्हणाला की आम्ही कुठे वाचतो, दुकानदार सांगतो ते टाकतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी वाचत नाही याचा आनंद झाला.

दुसऱ्या गावात फळ्यावर चिकटपट्टीचे चार तुकडे होते आणि मधली जागा रिकामी. केंद्राला कुलूप होतं. ते चालवणारा मुलगा नव्हता, त्याची आई शेजारच्या घरातून बाहेर आली. तिनं सांगितलं की वीज नसल्यानं केंद्र बंद आहे, आणि कागद सकाळीच सुखदेव घेऊन गेला. माप विसरायला होतं म्हणून कागदच शेतात नेतो म्हणाला. कोणतं शेत, हे तिनं हातानं दाखवलं.

नाल्यापलीकडे त्याचं शेत होतं. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा कुठेच काही हलत नव्हतं. पंपाचा आवाजही नव्हता. पक्केभाईंनी सुखदेवच्या नावानं हाक मारली. मग पुन्हा मारली. उंच कापसात माणूस खाली बसला असेल तर दिसत नाही, हे मला माहीत होतं. तो आडवा पडला असेल तरी दिसणार नाही, हेही मला तेव्हाच उमगलं. बांधावर पंप टेकवून ठेवला होता. शेजारी दगडाखाली आमचा कागद होता, घडी घालून नीट ठेवलेला. पक्केभाई कापसाच्या ओळीओळींतून वाकून बघत धावू लागले. मी दुसऱ्या बाजूनं निघाले. मला त्याला शोधायचं होतं आणि तो आपल्याला सापडू नये असंही वाटत होतं.

तो विहिरीजवळ बसलेला सापडला. शुद्ध होती, पण मान उचलत नव्हती. तोंडातून लाळ गळत होती, सदरा घामानं चिंब झाला होता आणि तो आमच्याकडे बघत असूनही त्याला आम्ही दिसत नव्हतो. शेजारच्या शेतातल्या लोकांनी त्याला बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. तिथून जीपमध्ये घालून मलकापूर. दवाखान्यात डॉक्टरांनी काय फवारलं, किती फवारलं, असं विचारलं. पक्केभाईंनी तो कागद पुढे केला आणि म्हणाले, "यात पंचवीस हाय. पाहिजे होतं अडीच." डॉक्टरांनी वाचलं. हे कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं.

"मी," पक्केभाई म्हणाले.

तीन दिवस काही सांगता येत नव्हतं. पक्केभाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचे. नमाजापुरते उठायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. सुखदेवची बायको आतबाहेर करत होती. ती त्यांना संस्थेतून आलेले कुणी भले गृहस्थ समजत होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना चहा आणून दिला, तेव्हा त्यांना राहवलं नाही. कप खाली ठेवून त्यांनी तिला सगळं सांगितलं. मी शेजारी उभी होते. ती ओरडेल, लोक जमतील, अशी मला भीती वाटत होती.

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "ह्यायले येते. मी मनलं होतं, येवढं काऊन टाकून राह्यले? तर हे मने, लिवलेलं हाय."

एवढं बोलून ती आत गेली. पक्केभाईंनी तो चहा नंतर घेतला नाही, पण कप परत करण्यापूर्वी नळावर धुऊन ठेवला.

चौथ्या दिवशी सुखदेवनं बायकोला ओळखलं. पुढच्या आठवड्यात तो आपल्या पायांनी घरी गेला. बोटांची थरथर काही महिने राहिली, मग तीही गेली. बाकीच्या गावांत कुणी ते माप वापरलं नव्हतं.

ते टिंब गेलं कुठे, याचा शोध पक्केभाईंनी त्याच चौथ्या दिवशी लावला. त्यांनी मूळ पान जुन्या फाँटात उघडलं आणि मला विचारलं की हे टिंब तू कोणत्या बटणानं देत होतीस. मी सांगितलं. माझ्या कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण रुतायचं. म्हणून काही दिवस मी अक्षराखाली नुक्ता द्यायच्या बटणानं टिंब देत होते. दिसायला दोन्ही सारखीच. नव्या अक्षरांत बदलताना त्यांच्या प्रोग्रॅमला आकड्यापुढे नुक्ता दिसला. आकड्याला नुक्ता कधीच नसतो. म्हणून त्यानं तो कचरा समजून काढून टाकला.

त्यांनी नुसती मान हलवली. मला मात्र घरी जाईपर्यंत काही सुचलं नाही. आता माझं नाव निघणार, नोकरी जाणार, आणि गावात मी माणूस मारायला निघालेली मुलगी म्हणून ओळखली जाणार. मी पक्केभाईंना त्यांच्याच छापखान्यातली नोंद बदलायची गळ घालावी, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी घातली नाही, पण तो चांगुलपणा नव्हता. मला तेवढंही धाडस झालं नाही.

संस्थेची बैठक बसली. टायपिंग कुणी केलं, असं सचिवसाहेबांनी विचारलंच. पक्केभाई उभे राहिले. पुढ्यात कागद होता, पण त्यांनी त्यात पाहिलं नाही.

"नोंदीत नाव हाय, मी लपवत नाही. सुनंदानं केलं. पण तिनं टाकलेलं टिंब आजवर सगळ्यायले दिसत होतं, सगळ्यायनं बरोबर वाचलं. ते काढून टाकाची ओळ प्रोग्रॅममधी मी लिवली. ती ओळ माझी हाय."

हा माणूस सचिवसाहेबांशी बोलताना कधी त्यांच्या डोळ्यांकडेही पाहत नसे. मी भिंतीला टेकून उभी होते. माझी नोकरी राहिली. संस्थेनं पुण्याहून तयार यंत्रणा घ्यायचं ठरवलं आणि छापखाना बंद केला. पक्केभाईंना कुणी जा म्हटलं नाही, पण त्यांना करायला काही उरलं नव्हतं. जाण्यापूर्वी सगळी पानं तपासून द्यायला त्यांनी दीड महिना मागून घेतला. मी जुनी प्रत मोठ्यानं वाचायची, ते नव्या प्रतीवर बोट फिरवायचे. नुक्त्याची टिंबं त्यांनी यंत्राकडून शोधून घेतली होतीच, तरी यंत्राच्या शोधावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता. शेवटच्या दिवशी शहाण्णव पानं उरली. त्यांची यादी त्यांनी आपल्या खिळे जुळवणाऱ्याच्या नीट अक्षरात लिहून माझ्या हाती दिली आणि ते बऱ्हाणपूरला मुलीकडे राहायला गेले.

नव्या यंत्रणेत प्रूफ नव्हतं. एकच बटण होतं, ते दाबलं की झालं. मी रोज काम संपल्यावर यादीतली दोन पानं वाचायची. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. बरीचशी निर्दोष निघाली. मग एके दिवशी जनावरांच्या औषधाच्या एका पानावर वासरासाठीचं माप आलं, पंधरा मिली. मी जुनी प्रत उघडली. तिथे दीड होतं. मी पान दुरुस्त केलं, पुन्हा वाचलं, शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं आणि बऱ्हाणपूरला फोन लावला.

मी काय सापडलं ते सांगितलं.

"कितीक गावात छापलं गेलं?" त्यांनी विचारलं.

"एकातही नाही, भाई. नवीन सिस्टिमवर ते पान अजून वर गेलंच नव्हतं."

त्यांनी फोन बाजूला धरून मुलीला चहा टाकायला सांगितल्याचं मला ऐकू आलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं. बऱ्हाणपूरला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांची मुलगी दारात आली. मी माझं नाव सांगायच्या आतच तिनं मला ओळखलं, कशावरून कोण जाणे. आत बसवलं, पाणी दिलं. आपले अब्बा मलकापूरचं फारसं काही बोलत नसत, असं ती म्हणाली. फक्त कधीतरी तिच्या नवऱ्याला सांगत, तिकडं आपण आपलं काम एका मुलीच्या हाती देऊन आलो आहोत, काळजी नाही, तिला नीट घाबरता येतं.